तोड आल्याशिवाय कोयता लागत नाही

वारणा खोऱ्यात ऊस पिकणं आणि ऊस कारखान्याला जाणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. आडसाली लावण भरात आली, कांड्या भरल्या, पाचट वाळलं, तरी शेतकरी आपल्या मनानं फडाला कोयता लावत नाही. आधी तोड यावी लागते. शेतकी विभागात लावणीची तारीख नोंदवलेली असते, त्या क्रमानं टोळी येते, चिटबॉय चिठ्ठी फाडतो. चिठ्ठीवर शेतकऱ्याचं नाव, गट नंबर आणि उसाची जात लिहिलेली असते. शेजाऱ्याच्या उसाला ती चिठ्ठी चालत नाही. वजनकाट्यावर गाडी उभी राहिली की पहिल्यांदा हीच चिठ्ठी मागतात.

परदेशातल्या नोकरीचा विषय निघाला की मात्र हेच गाव गोंधळतं. पोराचा पासपोर्ट आला की ‘आता गेलाच’ म्हणतात. ऑफर लेटर आलं की पेढे वाटतात. मग चार महिने जातात, सहा महिने जातात, आणि घरात एकच प्रश्न फिरत राहतो: मुलाखत झाली, नोकरी देणारा तयार आहे, पासपोर्ट हातात आहे, तिकिटापुरते पैसे आहेत, तर अडलंय कुठं? आणि ज्यांचा व्हिसा खरोखर आलेला असतो, त्यांतल्याही काहींना तिकडे काम का करू देत नाहीत?

अडलेलं असतं ते तोडीपाशी. परदेशात काम करण्याचा परवाना ही त्या देशाची तोडणीची चिठ्ठी आहे. ती कोण फाडतं, कोणाच्या नावानं फाडतं आणि फाडण्यापूर्वी काय तपासतं, हे कळलं तर निम्मी तगमग कमी होईल आणि बरीचशी फसवणूकही टळेल.

बीडहून वारणेला यायला परवाना का लागत नाही

दर हंगामात बीडच्या बाजूनं तोडणी टोळ्या आपल्याकडे येतात. शेकडो किलोमीटर अंतर कापून, बिऱ्हाड, लेकरं, बैल घेऊन येतात. त्यांना कोणी परवाना विचारत नाही, कारण राज्यघटनेच्या कलम 19 नं भारताच्या नागरिकाला देशात कुठेही फिरण्याचा, कुठेही राहण्याचा आणि कोणताही कायदेशीर व्यवसाय करण्याचा हक्क दिला आहे. मुकादमानं दिलेली उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, हा त्यांच्या गळ्यातला वेगळा फास आहे, पण सरकारी परवाना त्यांच्या वाटेत येत नाही.

देशाची सीमा ओलांडली की हा हक्क मागेच राहतो. दुसऱ्या देशात काम करणं हा आपला हक्क नसतो, तो त्या देशानं अटी घालून दिलेला परवाना असतो. काही देशांनी आपसात ठरवून भिंती काढून टाकल्या आहेत. युरोपीय संघातला पोलंडचा गवंडी जर्मनीत कामाला जातो तो बीडचा माणूस वारणेला येतो तसाच, परवान्याशिवाय. आपण त्या संघाबाहेरचे. म्हणून आपल्याला चिठ्ठी लागते.

तीन कागद, तीन वेगवेगळी उत्तरं

पासपोर्ट आपलं सरकार देतं. कोल्हापूरकरांचा पासपोर्ट पुण्याच्या प्रादेशिक कार्यालयाच्या अखत्यारीत येतो. त्यात एवढंच सांगितलेलं असतं की हा माणूस भारताचा नागरिक आहे. परदेशात शिरायची परवानगी त्यात नसते.

व्हिसा ही दारापर्यंत येण्याची परवानगी. कशासाठी येताय, हे त्यावर नोंदलेलं असतं. पर्यटनासाठी आलेला माणूस फिरू शकतो, पण दिवसभराची मजुरी करू शकत नाही. लग्नाच्या आमंत्रणावर मांडवात आलेल्या पाहुण्यानं घरात बिऱ्हाड थाटावं, तसा तो प्रकार होईल.

कामाचा परवाना हा तिसरा कागद. या माणसानं, या मालकाकडे, या प्रकारचं काम, या मुदतीपर्यंत करावं, असं त्यात म्हटलेलं असतं. गंमत अशी की हे कागद दर देशात वेगळ्या पद्धतीनं बांधलेले असतात. आखाती देशांत सहसा मालक आधी तिथल्या कामगार खात्याकडून परवाना मिळवतो, त्यावर प्रवेशाचा व्हिसा निघतो, आणि तिथे पोचल्यावर वैद्यकीय तपासणी होऊन ओळखपत्र मिळतं. अमेरिकेच्या एच-1बी या कामाच्या व्हिसासाठी कंपनी आधी तिथल्या नागरिकत्व आणि स्थलांतर विभागाकडे अर्ज करते. तो मंजूर झाला की मगच आपण मुंबईच्या वकिलातीत व्हिसा मागायचा. जर्मनीत परवाना वेगळा छापून मिळत नाही. व्हिसावर आणि पुढे तिथल्या निवास-कार्डावर काम करण्याची मुभा लिहून येते.

या सगळ्यात एक गोष्ट समान आहे आणि आपल्याकडे तीच सर्वांत कमी समजलेली आहे. बहुतेक परवान्यांचा आरंभ मालकापासून होतो. खरा मालक, खरी जागा आणि लिहून दिलेला पगार असल्याशिवाय यंत्र हलत नाही. ‘आधी परवाना काढू, नोकरी तिथं गेल्यावर बघू’ असं कोणी सांगत असेल, तर तो ऊस न लावताच तोडीची चिठ्ठी विकतो आहे. अपवाद आहेत, पण थोडे. जर्मनीनं जून 2024 पासून गुणांवर आधारलेलं एक ‘संधिकार्ड’ सुरू केलं. त्यावर एक वर्षापर्यंत तिथे राहून नोकरी शोधता येते आणि त्या काळात आठवड्याला वीस तासांपर्यंत कामही करता येतं. मात्र तेवढा काळ पोट भरण्याची सोय आहे, हे आधी दाखवावं लागतं.

पगार किती, हे सरकार का विचारतं

परवाना देणारं सरकार मालकाला पहिला प्रश्न विचारतं तो पगाराचा. यात आपल्यावरची माया नसते. बाहेरचा माणूस निम्म्या मजुरीत राबायला तयार झाला, तर गावातल्या माणसाची मजुरी आपोआप पडते, हे कोणत्याही फडावरच्या मजुराला कळतं. म्हणून जर्मनीची केंद्रीय रोजगार संस्था तपासते की त्याच कामाला जर्मन माणसाला जे मिळतं, त्याहून कमी पगारात किंवा वाईट अटींवर परदेशी माणूस ठेवला जात नाही ना. अमेरिकेतही कंपनीला त्या भागातल्या प्रचलित वेतनाची हमी कामगार खात्याला लिहून द्यावी लागते.

दुसरा प्रश्न: हे काम करायला इथलाच कोणी मिळत नाही का? पूर्वी जर्मनी कुशल कामगारांसाठीही हा प्रश्न विचारत असे. 1 मार्च 2020 पासून नवा कायदा लागू झाला आणि कुशल माणसांच्या बाबतीत ही अट निघाली, कारण उत्तर ठरलेलंच होतं. माणसं नाहीत. एक मोठी पिढी निवृत्त होते आहे आणि तिच्या जागी येणारी पिढी लहान आहे.

तिसरा प्रश्न असतो कौशल्याचा, आणि आपल्या मुलांची गाडी सर्वांत जास्त इथेच रुतते.

दूध संकलन केंद्र आणि आयटीआयचं प्रमाणपत्र

सकाळी डेअरीत कॅन नेला की संकलन केंद्रावर ‘आमची म्हैस चांगली आहे’ हे सांगून भागत नाही. नमुना घेतात, फॅट आणि एसएनएफ लावतात, आकडा येतो, आकड्यावर दर ठरतो. परदेशी शिक्षणाची ‘मान्यता’ म्हणजे अगदी हेच. तुमचं प्रमाणपत्र खरं आहे का, एवढंच तिथे पाहत नाहीत. त्यात काय किती आहे, हे मोजतात.

समजा, वारणा परिसरातल्या एका मुलानं आयटीआयचा दोन वर्षांचा इलेक्ट्रिशियनचा अभ्यासक्रम पूर्ण केला आहे. जर्मनीत याच कामाचं शिक्षण साडेतीन वर्षांचं असतं, आणि त्यातला मोठा भाग शिकाऊ उमेदवार कारखान्यात प्रत्यक्ष काम करत घालवतो. औद्योगिक कामांच्या मान्यतेचं कार्यालय न्यूर्नबर्गला आहे. ते दोन्ही अभ्यासक्रम शेजारी ठेवतं, विषय आणि तास जुळवतं, मध्ये केलेल्या नोकरीचे दाखले बघतं. मग तीनपैकी एक उत्तर येतं: पूर्ण मान्यता, अंशतः मान्यता किंवा नकार. आपल्या आयटीआयच्या मुलानं अंशतः मान्यतेची तयारी ठेवावी. पुष्कळ घरांत तो कागद नकार समजून कपाटात ठेवला जातो, आणि मला त्याचं फार वाईट वाटतं. अंशतः म्हणजे दूध परत पाठवलेलं नाही, फॅट कमी लागलं आहे एवढंच. काय कमी पडलं, ते त्याच कागदात लिहिलेलं असतं, आणि ते तिथे जाऊन भरूनही काढता येतं.

मार्च 2024 पासून या मुलासाठी आणखी एक वाट उघडली आहे, तिला मान्यता-भागीदारी म्हणतात. किमान दोन वर्षांचं, आपल्या देशात सरकारमान्य असलेलं प्रशिक्षण हवं, जर्मन भाषेची ए-2 पातळी हवी आणि नोकरीचा करार हवा. एवढं जमलं तर आधी जाऊन कामाला लागायचं आणि मान्यतेची प्रक्रिया मालकाच्या साथीनं तिथे पूर्ण करायची. आयटीआयचे दोन वर्षांचे ट्रेड या ‘किमान दोन वर्षां’त बरोबर बसतात. एक वर्षाचे ट्रेड मात्र बसत नाहीत. दहावीनंतर ट्रेड निवडताना घरात ही गोष्ट माहीत असायला हवी.

परिचारिकेचं गणित वेगळं. रुग्णाच्या जिवाशी संबंध असलेली कामं तिथे ‘नियंत्रित’ व्यवसायांत मोडतात, म्हणजे मान्यता पूर्ण झाल्याशिवाय परिचारिका या नात्यानं काम करताच येत नाही. कमी पडलेलं भरून काढायला दोन मार्ग असतात. रुग्णालयात ठरावीक काळ देखरेखीखाली काम करायचं किंवा ज्ञानाची परीक्षा द्यायची. भाषाही सहसा बी-2 पातळीची मागतात. ए-1 पासून सी-2 पर्यंतच्या सहा पायऱ्यांतली ही चौथी. रात्रपाळीत म्हातारा रुग्ण कुठे दुखतंय हे आपल्या बोलीत कण्हत सांगतो, ते कळायला बी-2 सुद्धा काही वेळा अपुरं पडतं. म्हणून ही अट जाचक वाटली तरी मला ती रास्त वाटते.

इंजिनिअर मुलामुलींसाठी वाट तुलनेनं सरळ आहे. वारणानगरला 1983 पासून तात्यासाहेब कोरे यांच्या नावाचं अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, तिथून बाहेर पडणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं. जर्मनीच्या ‘अनाबिन’ या सार्वजनिक यादीत जगभरातल्या विद्यापीठांची आणि पदव्यांची नोंद असते. विद्यापीठापुढे ‘एच प्लस’ असेल आणि पदवी तिथल्या पदवीशी तुल्य ठरली असेल, तर त्या नोंदीची छापील प्रत अर्जाला जोडता येते. अशी नोंद नसेल तर पदवीची तुलना करून दाखला घ्यावा लागतो.

करार झाला म्हणजे परवाना मिळाला का

फेब्रुवारी 2024 मध्ये महाराष्ट्र सरकारनं जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला. श्टुटगार्ट ही त्या राज्याची राजधानी. तिचं आणि मुंबईचं शहर-मैत्रीचं नातं 1968 पासूनचं आहे. पहिल्या टप्प्यात दहा हजार तरुणांना पाठवण्याची भाषा होती. परिचारिका, इलेक्ट्रिशियन, वाहनचालक, हॉटेल व्यवसायातली माणसं अशी यादी आली आणि गावोगाव जर्मन भाषेच्या वर्गांबद्दल विचारणा सुरू झाली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये जर्मनीचे चान्सलर शोल्त्स दिल्लीला आले असताना आणखी एक घोषणा झाली: भारतीय कुशल कामगारांसाठी वर्षाला 20,000 ऐवजी 90,000 व्हिसा.

या बातम्यांमुळे गावात असा समज पसरला की नाव नोंदवलं की जाता येतं. इथे थोडं थांबायला हवं. बाडेन-वुर्टेमबर्ग हे आपल्या महाराष्ट्रासारखं घटक राज्य आहे. कोणाला देशात घ्यायचं याचा कायदा तिथल्या केंद्राचा, व्हिसा देणारी वकिलातही केंद्राची. दोन राज्यांच्या करारानं मालक शोधणं, भाषा शिकवणं, कागद जमवणं सोपं होतं. तो नदीवरचा पूल आहे. पुलावरून प्रत्येकाची गाडी स्वतंत्र तपासली जाते: त्याचा करार, त्याचा पगार, त्याची मान्यता, त्याची भाषा. आणि 90,000 हा आकडा म्हणजे दाराची रुंदी आहे, आत गेलेल्यांची मोजदाद नव्हे.

आपल्या घराचाही एक उंबरा असतो

परदेशात शिरण्याची परवानगी तिकडचं सरकार देतं. काही लोकांना मात्र इथून बाहेर पडायलाही आपल्या सरकारची परवानगी लागते, हे सहसा विमानतळावरच कळतं.

यामागे जुना इतिहास आहे. 1834 पासून हिंदुस्थानातले मजूर पाच-पाच वर्षांच्या करारावर मॉरिशसला उसाच्या मळ्यांत नेले गेले, त्यांत मराठी मजूरही होते. ‘ॲग्रिमेंट’चं ‘गिरमिट’ झालं ते तेव्हाच. अंगठा कशावर उठवतोय, हे त्यांतल्या कित्येकांना कळलेलं नव्हतं. या मजुरांवर देखरेख करायला बंदरांमध्ये सरकारी संरक्षक अधिकारी नेमले गेले. गिरमिट 1917 मध्ये थांबलं, ते पद मात्र टिकलं. आज 1983 च्या उत्प्रवास कायद्याखाली तो अधिकारी काम करतो आणि महाराष्ट्रासाठी त्याचं कार्यालय मुंबईला आहे.

सध्याचा नियम ढोबळ मानानं असा: दहावी पास नसलेल्या माणसाच्या पासपोर्टवर सहसा ‘ईसीआर’ (उत्प्रवास तपासणी आवश्यक) अशी नोंद येते. तो सौदी, कतार, कुवेत, ओमान, संयुक्त अरब अमिराती, मलेशिया अशा ठरावीक 18 देशांत नोकरीसाठी निघाला, तर त्याला या अधिकाऱ्याची मंजुरी लागते. मंजुरी ‘ई-मायग्रेट’ या सरकारी संगणक प्रणालीवर होते. तिथे मालकाचं नाव, करार, पगार तपासतात आणि विमाही उतरवावा लागतो. प्रवासी भारतीय विमा योजनेत अपघाती मृत्यूला दहा लाख रुपयांचं संरक्षण आहे आणि दोन वर्षांचा हप्ता करांशिवाय 275 रुपये आहे. जर्मनी त्या 18 देशांत नाही, म्हणून आयटीआयवाल्या मुलाला ही पायरी लागत नाही. पण दहावी नापास होऊन आखातात गवंडीकामाला जाणाऱ्या त्याच्या चुलत्याला लागते. खरं तर जास्त गरज त्या चुलत्यालाच आहे.

चौकट: एजंटाच्या पुढ्यात बसल्यावर

नोंदणीकृत भरती एजंटाला परराष्ट्र मंत्रालयाचा परवाना असतो. त्याचा क्रमांक मागा आणि ई-मायग्रेटवर स्वतः तपासा.

कायद्यानं अशा एजंटाला कामगाराकडून जास्तीत जास्त 30,000 रुपये आणि त्यावरचा जीएसटी एवढंच सेवाशुल्क घेता येतं. पावती मागा.

‘टुरिस्ट व्हिसावर चला, तिथं कामाचा करून देतो’ हे वाक्य ऐकलं की उठून या.

इंग्रजीतला करार आणि तोंडी सांगितलेला पगार जुळतो का, हे जाणत्या माणसाकडून वाचून घ्या. अडचण आली तर प्रवासी भारतीय साहाय्यता केंद्राचा निःशुल्क क्रमांक 1800 11 3090.

उचल

चौकटीतली तिसरी ओळ कोरडी वाटेल, पण तिच्यामागे माणसं आहेत. 2022 पासून परराष्ट्र मंत्रालयानं पुन्हा पुन्हा इशारे दिले आहेत. थायलंडमध्ये संगणकाची चांगली नोकरी म्हणून शिकलेल्या मुलांना नेतात, तिथून म्यानमार, कंबोडिया किंवा लाओसमध्ये पोचवतात आणि कोंडून ऑनलाइन फसवणुकीच्या कामाला जुंपतात. या मुलांकडे व्हिसा असलाच तर तो होता पर्यटनाचा. कामाचा परवाना नव्हता. त्यामुळे त्या देशाच्या कामगार खात्याच्या कोणत्याही वहीत त्यांचं नाव नव्हतं, आणि ज्याचं नाव वहीत नाही त्याला कोणी शोधत नाही. परवान्याला आपण अडथळा म्हणतो. या मुलांच्या बाबतीत तीच एक भिंत होती जिच्याआड ती सुरक्षित राहिली असती.

कर्जाचंही तसंच. एजंटाला चार-पाच लाख देण्यासाठी जमीन गहाण टाकून गेलेला माणूस आणि मुकादमाची उचल घेऊन फडात उतरलेलं जोडपं यांच्यात मला फारसा फरक दिसत नाही. दोघांचंही पहिलं वर्ष आगाऊ घेतलेले पैसे फेडण्यात जातं, आणि दोघांनाही मध्येच काम सोडता येत नाही.

चिठ्ठीवर नाव कोणाचं

तोडीची चिठ्ठी जशी त्या गटाची, तसा परवाना बहुधा त्या मालकाचा. अमेरिकेत एच-1बीवरची नोकरी गेली की साधारण 60 दिवसांत नवा मालक शोधावा लागतो किंवा देश सोडावा लागतो. आखातात ‘कफाला’ म्हणजे जामीन पद्धतीनं कामगार वर्षानुवर्षं एकाच मालकाला बांधलेला असे. कतारनं 2020 मध्ये जुन्या मालकाच्या ना-हरकतीशिवाय नोकरी बदलण्याची मुभा दिली, पण ते व्हायला किती काळ लागला हेही लक्षात घ्यावं.

जर्मनीची गोष्ट तर आपल्या देशातल्याच बायांची आहे. 1960 च्या दशकापासून केरळमधल्या हजारो तरुणी तिथल्या रुग्णालयांत परिचारिका म्हणून गेल्या, कारण तिथे माणसं कमी होती. 1973 मध्ये जर्मनीनं परदेशी कामगारांची भरती थांबवली. पुढच्या काही वर्षांत परिचारिकांची निकड कमी झाल्यासारखं वाटलं आणि त्यांतल्या अनेकींच्या परवान्यांची मुदत वाढवायला नकार मिळाला. त्यांच्या कामात खोट नव्हती. देशाची गरज बदलली होती.

आजचा कायदा बराच वेगळा आहे. मान्यता असलेल्या कुशल माणसाला तिथे तीन वर्षं काम केल्यावर, बाकी अटी पुऱ्या होत असतील तर, कायमच्या वास्तव्याचा अर्ज करता येतो. तोवर मात्र खिशातलं कार्ड नीट वाचायला हवं. जर्मनीत उतरल्यावर पहिल्या दोन आठवड्यांत राहण्याचा पत्ता नगर कार्यालयात नोंदवायचा असतो. त्यानंतर परदेशी नागरिकांच्या कार्यालयातून निवास-कार्ड मिळतं आणि बहुतेकदा सोबत हिरव्या रंगाची एक घडीची पुरवणी मिळते. मुलं कार्डावरचा स्वतःचा फोटो घरी पाठवतात. काम कोणतं आणि कोणाकडे करायचं, हे त्या हिरव्या पुरवणीवर लिहिलेलं असतं.

1998 मध्ये वारणेच्या सत्तर गावांसाठी संगणक केंद्रं बसली, तेव्हा शेतकरी तिथे आपली उसाची नोंद आणि वजनाची पावती स्वतः बघायला लागला होता. चिटबॉयनं काय लिहिलंय ते तो स्वतःच्या डोळ्यांनी वाचू लागला. त्याच शेतकऱ्याचा नातू आता श्टुटगार्टला निघाला असेल, तर पहिल्या दिवशी घरी फोन लावण्याआधी त्यानं ती हिरवी घडी उघडून मालकाचं नाव, कामाचं नाव आणि मुदतीची तारीख या तीन ओळी आपल्या करारासमोर ठेवून वाचाव्यात.